एसई१६ मध्ये ग्राहक दिसतो, रिपोर्टला मात्र सापडत नाही

एसएपी या व्यवसाय-सॉफ्टवेअरमध्ये, अबॅप या त्याच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला तुमचा पहिला झेड रिपोर्ट, म्हणजे स्वतः बनवलेला प्रोग्रॅम, तयार आहे. सिंटॅक्स चेकमध्ये चूक नाही, ॲक्टिव्हेट झालाय, चालतोही. पण यादी रिकामी येते. टेबलातून डेटा शोधणाऱ्या सिलेक्टनंतर साय-सबआरसी (निकाल सांगणारा सिस्टीमचा कोड) ४, म्हणजे एकही ओळ हाती लागली नाही. तोच ग्राहक क्रमांक एसई१६ मध्ये, म्हणजे टेबलातला डेटा दाखवणाऱ्या स्क्रीनवर, टाकला की रेकॉर्ड लगेच समोर येतो. एसएपीमध्ये अबॅप शिकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची गाडी इथे अडते. एकदा सुटली तरी पुढे मटेरियलवर, ऑर्डरच्या टेक्स्टवर, तारखेवर पुन्हा अडते, आणि दर वेळी वाटतं की ही काहीतरी नवीन अडचण आहे.

मी पहिल्यांदा अडलो तेव्हा अर्धा दिवस सिलेक्टच पुन्हा पुन्हा लिहीत होतो. जॉइन काढला, सिलेक्ट सिंगल करून पाहिलं, फील्डांचा क्रम बदलला, ऑथोरायझेशन अपुरं आहे का तेही विचारून आलो. शेवटी शेजारी बसणाऱ्या सिनियर ताई म्हणाल्या, "अरे, स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगू नकोस. टेबलात काय आहे ते बघितलंस का?" त्यांनी कमांड फील्डमध्ये /एच टाकून डिबगर (प्रोग्रॅम ओळीओळीने चालवून आतलं दाखवणारं साधन) चालू केला, सिलेक्टच्या ओळीवर ब्रेकपॉइंट लावला आणि माझ्या व्हेरिएबलवर डबल क्लिक केलं. तिथे होतं १००२४५. मग दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये ग्राहकांच्या टेबलातून, म्हणजे केएनए१ मधून, काही ओळी उचलून तेच फील्ड दाखवलं. तिथे होतं ००००१००२४५.

चार शून्यं. माझं सिलेक्ट पहिल्यापासून बरोबर होतं. मी ज्या किमतीने, म्हणजे व्हॅल्यूने, शोधत होतो, ती टेबलात नव्हतीच.

शून्यं येतात कुठून

ग्राहक क्रमांकाचं फील्ड कुन्नर. नाव जर्मन आहे, कुंडेननुमर म्हणजे ग्राहक क्रमांक. एसएपी १९७२ साली जर्मनीत सुरू झालं आणि टेबलांची, फील्डांची जुनी नावं तशीच राहिली: मटेरियलचं मॅटनर, पुरवठादाराचं लिफनर, अकाउंटिंग डॉक्युमेंटचं बेलनर. ही नावं नुसती पाठ करण्यापेक्षा मूळ शब्द माहीत झाला की डोक्यात बसतात, म्हणून सांगून ठेवतो.

कुन्नर हे नावाला क्रमांक असलं तरी प्रकाराने १० अक्षरांचं कॅरेक्टर फील्ड आहे. यात नुसते अंक असू शकतात, तसं सी१००२ असंही काही असू शकतं. आता कॅरेक्टर फील्डांची तुलना डावीकडून एकेक अक्षर घेऊन होते. त्या हिशोबाने ९९ हे १०० पेक्षा मोठं ठरतं, कारण पहिलंच अक्षर ९ आहे. मग 'क्रमांक ९० पासून १५० पर्यंत' असं मागितलं तर काहीच हाती लागणार नाही. सगळे अंकी क्रमांक उजवीकडे सरकवून डावीकडे शून्यं भरली की हा गोंधळ मिटतो: ००००००००९९ हे ०००००००१०० च्या आधी येतं, जसं यायला हवं.

माणसाला ही शून्यं बघायची नसतात. त्यामुळे एसएपीने प्रत्येक अशा फील्डाला दोन रूपं दिली आहेत. टेबलात असतं ते आतलं, स्क्रीनवर दिसतं ते बाहेरचं. एकातून दुसऱ्यात नेणारी रुटीन डोमेनवर (फील्डाचा प्रकार आणि लांबी ठरवणाऱ्या व्याख्येवर) नोंदलेली असते. एसई११ मध्ये, म्हणजे डिक्शनरीच्या स्क्रीनवर, कुन्नर डोमेन उघडा, डेफिनिशन टॅबवर कन्व्हर्जन रुटीन नावाची जागा आहे, तिथे अल्फा लिहिलेलं सापडेल. मॅटनरच्या डोमेनवर अल्फा नाही, मॅटएन१ आहे. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो, त्यामुळे लक्षात असू द्या.

अल्फाचा नियम एका वाक्याचा आहे: किमतीत फक्त अंक असतील तर फील्डाच्या पूर्ण लांबीपर्यंत डावीकडे शून्यं भरायची, एक जरी अक्षर असेल तर हात लावायचा नाही. त्यामुळे १००२४५ चं ००००१००२४५ होतं, पण सी१००२ हे सी१००२ च राहतं.

कधी आपोआप होतं, कधी होत नाही

'काल चालत होतं, आज नाही' किंवा 'माझ्याकडे चालतं, इंटरफेसमधून आलं की चालत नाही' अशा तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

सिलेक्शन स्क्रीनवर पॅरामीटर लिहिताना तुम्ही टाइप कुन्नर दिलंत, की यूजरने टाकलेला १००२४५ तुमच्या प्रोग्रॅमच्या हातात येण्याआधीच शून्यं लागून येतो. तेच पॅरामीटर तुम्ही 'दहा अक्षरांचं कॅरेक्टर' असं घोषित केलंत, तर सिस्टीमला हा ग्राहक क्रमांक आहे हे कळायला मार्ग नाही. लांबी तीच, प्रकार तोच, पण डोमेनशी नातं तुटलं. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच झालं होतं. फक्त घोषणेची ओळ बदलली आणि यादी भरली.

म्हणून पहिली तपासणी हीच करा: ज्या व्हेरिएबलने शोधताय ते डिक्शनरीतल्या डेटा एलिमेंटवरून (उदाहरणार्थ कुन्नर) घोषित केलंय का? नसेल तर आधी ते दुरुस्त करा. अनेकांचा प्रश्न इथेच संपतो.

पण घोषणा बरोबर असूनही रूपांतर होतं ते फक्त स्क्रीनच्या वाटेने आलेल्या किमतीचं. प्रोग्रॅमच्या आत तुम्ही कुन्नर प्रकारच्या व्हेरिएबलला थेट '१००२४५' दिलंत, तर ते जसंच्या तसं बसतं, उरलेल्या चार जागी रिकामी अक्षरं. एक्सेलमधून वाचलं, सर्व्हरवरच्या फाइलमधून आलं, आरएफसीने (दुरून केलेल्या फंक्शन कॉलने) दुसऱ्या सिस्टीमने पाठवलं, रेंज टेबल (शोधाच्या मर्यादांची यादी) हाताने भरून त्यात 'लो' ला किंमत दिली, या सगळ्या वाटांवर रूपांतर करणारं कोणी बसलेलं नाही. ते काम तुमचं. बॅपीचंही, म्हणजे एसएपीने दिलेल्या तयार फंक्शनचंही, तसंच. बॅपीला साधारणपणे आतलं रूप हवं असतं आणि तुम्ही बाहेरचं दिलंत तर ती 'असा ग्राहक नाही' असं सांगून परत पाठवते. तो मेसेज वाचून लोक मास्टर डेटा तपासत बसतात.

उलट दिशेलाही असंच. राइट स्टेटमेंट डोमेनवरची रुटीन आपोआप चालवतं, म्हणून छापताना शून्यं गळून पडतात. एएलव्ही या तक्त्यामध्ये फील्ड कॅटलॉगला (कॉलमांच्या वर्णनाला) डिक्शनरीचं टेबल आणि फील्ड दिलेलं असेल तर तिथेही गळतात. पण कॉन्कॅटनेट करून वाक्य बनवलंत, स्ट्रिंग टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबल घातलंत किंवा फाइल लिहिलीत, तर आतलं रूपच बाहेर पडतं आणि ईमेलमध्ये 'ग्राहक ००००१००२४५' असं छापलं जातं.

यातून नवशिक्यांना फसवणारी एक गोष्ट निघते. चूक शोधताना सवयीने आपण राइट टाकून किंमत छापून बघतो. व्हेरिएबल कुन्नर प्रकारचं असेल तर शून्यं असोत वा नसोत, छापून येतं १००२४५ च. दोन वेगळ्या किमती डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात. एसई१६ ही तसंच करतं. म्हणून या दुखण्यात राइटवर विश्वास ठेवू नका. डिबगर बघा, तिथे किंमत आहे तशी दिसते. किंवा एसई१६ मध्ये सेटिंग्ज, मग यूजर पॅरामीटर्स, तिथे डेटा ब्राउझरच्या टॅबवर कन्व्हर्जन एक्झिट तपासण्याची टिक काढा. पुढच्या वेळी यादी उघडाल तेव्हा शून्यांसकट खरी किंमत दिसेल. शिकत असताना ही टिक काढूनच ठेवावी असं माझं मत आहे. यूजरसाठी सोय म्हणून ठेवलेला पडदा प्रोग्रॅमरच्या डोळ्यांसमोर नको.

दुरुस्ती, आणि दुरुस्तीतल्या खाचा

सरळ उपाय म्हणजे कन्व्हर्जन_एक्झिट_अल्फा_इनपुट हे फंक्शन मॉड्यूल. इनपुटला फाइलमधली किंमत द्या, आउटपुटला कुन्नर प्रकारचं व्हेरिएबल. शून्यं काढायची असतील तर त्याचं भावंड कन्व्हर्जन_एक्झिट_अल्फा_आउटपुट. अबॅप ७.४० पासून स्ट्रिंग टेम्प्लेटच्या महिरपी कंसात व्हेरिएबलपुढे 'अल्फा = इन' किंवा 'अल्फा = आउट' लिहिलं तरी तेच काम होतं.

आता खाच. शून्यं किती भरायची हे कशावरून ठरतं? लांबीवरून. फंक्शन मॉड्यूल आउटपुट व्हेरिएबलची लांबी बघतं, टेम्प्लेट आत दिलेल्या व्हेरिएबलची. समजा फाइलमधला कॉलम तुम्ही २० अक्षरांच्या फील्डात वाचलात आणि टेम्प्लेटमध्ये तेच फील्ड देऊन 'अल्फा = इन' केलंत. परत येतं १४ शून्यं आणि पुढे १००२४५. हे तुम्ही कुन्नरमध्ये टाकता. कुन्नरला जागा १०, उजवीकडचं सगळं कापलं जातं. हातात उरतात नुसती दहा शून्यं. डम्प (प्रोग्रॅम कोसळणं) नाही, वॉर्निंग नाही, आणि ग्राहक तर नाहीच. मी एका सहकाऱ्यासोबत ही चूक शोधत बसलो होतो, दोघंही 'अल्फा तर लावलाय' हेच एकमेकांना सांगत होतो. डिबगरमध्ये ती दहा शून्यांची रांग दिसली तेव्हा उलगडा झाला. आणि व्हेरिएबल स्ट्रिंग प्रकारचं असेल तर उलटं होतं: स्ट्रिंगला ठराविक लांबीच नसल्यामुळे एकही शून्य लागत नाही.

दोन्हींवर औषध एकच. आधी किंमत योग्य डेटा एलिमेंटच्या व्हेरिएबलमध्ये घ्या, मग त्या व्हेरिएबलवर अल्फा चालवा. एक ओळ जास्त लागते, ती लागू द्या.

काही जण हाताने शून्यं जोडतात. लूप फिरवून, किंवा अनपॅक वापरून. कृपया असं करू नका. अंकी क्रमांकांवर ते चालतं म्हणून महिनोन्महिने कोणाला कळत नाही. मग एक दिवस सी१००२ असा क्रमांक येतो. लूपवाला प्रोग्रॅम त्यालाही शून्यं चिकटवतो, अनपॅकवाला तर अंक नसलेलं अक्षर बघून डम्पच देतो आणि एसटी२२ मध्ये, म्हणजे डम्पच्या यादीत, नोंद उमटते. अल्फाला हा भेद कळतो, आपल्या लूपला कळत नाही.

फाइलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती सहजी दिसत नाही. विंडोजवर बनलेली टेक्स्ट फाइल युनिक्स सर्व्हरवर ठेवली आणि ओपन डेटासेटने वाचली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर, कॅरेज रिटर्न, चिकटून राहू शकतं. ग्राहक क्रमांक शेवटच्या कॉलममध्ये असेल तर डिबगरमध्ये १००२४५# असं दिसतं. ते खरं # नसतं, म्हणून # शोधून बदलायला गेलात तर काही बदलत नाही. हेक्स बघितलं तर तिथे ०डी सापडतं. आता किमतीत अंकांखेरीज एक अक्षर आहे, म्हणून अल्फा तिला हात लावत नाही. तुम्हाला वाटतं अल्फा चालत नाहीये, पण तो आपल्या नियमाने बरोबर वागतोय. सीएल_अबॅप_कॅर_युटिलिटीज या क्लासमध्ये सीआर_एलएफ नावाचा स्थिरांक आहे, दोन अक्षरांचा. त्यातलं पहिलं अक्षर घेऊन ओळीतून ते काढून टाका, त्यानंतरच ओळ कॉलमांत फोडा.

मटेरियलला अल्फा लावू नका

ईसीसीमध्ये, म्हणजे एसएपीच्या जुन्या पिढीत, मॅटनर १८ अक्षरांचं होतं. बऱ्याच जुन्या प्रोग्रॅममध्ये मटेरियललाही अल्फाच लावलेला सापडतो, आणि तिथे तो बहुतेक ठिकाणी चालूनही जायचा, कारण नुसत्या अंकी मटेरियलला १८ पर्यंत शून्यं भरली की झालं. एस/४हाना या नव्या पिढीच्या १५११ मध्ये, म्हणजे २०१५ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीत, मॅटनर ४० अक्षरांचं झालं. पण नुसत्या अंकी मटेरियलची शून्यं नेहमीच्या मांडणीत अजूनही १८ पर्यंतच भरली जातात. जुना प्रोग्रॅम नव्या सिस्टीमवर आला की अल्फा इमानेइतबारे ४० पर्यंत शून्यं भरतो, आणि टेबलात तसं मटेरियल नसतं.

कन्व्हर्जन_एक्झिट_मॅटएन१_इनपुट वापरा. मटेरियल क्रमांक कसा ठेवायचा नि दाखवायचा याची तुमच्या सिस्टीममधली मांडणी ओएमएसएल या टी-कोडमध्ये (स्क्रीन उघडणाऱ्या कोडमध्ये) केलेली असते आणि मॅटएन१ ती वाचून काम करतं. अल्फाला त्या मांडणीचा पत्ताच नाही. एस/४हानावर गेल्यापासून 'मटेरियल सापडत नाही' अशी तक्रार आली, तर मी पहिल्यांदा प्रोग्रॅममध्ये अल्फा शोधतो.

याच कुळातली इतर दुखणी

शून्यं हा या दुखण्याचा सगळ्यात प्रसिद्ध चेहरा. खाली आजार तोच, चेहरे वेगळे.

सेल्स ऑर्डरचा प्रकार इंग्रजी लॉगिनमध्ये ओआर दिसतो. टेबलात तो टीए आहे, जर्मन टर्मिनआउफ्ट्राग या शब्दावरून. बॅपीला ओआर दिलंत तर ती असा प्रकार ओळखत नाही. एककाचंही तसंच: स्क्रीनवर पीसी, टेबलात एसटी, म्हणजे श्ट्यूक, नग. भाषा स्क्रीनवर ईएन, टेबलात एकच अक्षर, ई. यातल्या प्रत्येकाच्या डोमेनवर स्वतंत्र रुटीन आहे: ऑआर्ट, क्युनिट, इसोला. कुठल्या फील्डाला कुठली रुटीन हे पाठ करायची गरज नाही, एसई११ मध्ये डोमेन उघडलं की नाव समोर असतं आणि त्याआधी कन्व्हर्जन_एक्झिट_ व त्यापुढे _इनपुट जोडलं की फंक्शन मॉड्यूल तयार.

टेक्स्टचं जरा वेगळं. सेल्स ऑर्डरच्या आयटमवर लिहिलेली टीप रीड_टेक्स्टने वाचताना नेम हे ७० अक्षरांचं फील्ड द्यावं लागतं. त्यात ऑर्डर क्रमांक १० अक्षरं आणि लगेच आयटम क्रमांक ६ अक्षरं, दोन्ही शून्यांसकट, मध्ये मोकळी जागा न सोडता. नेमच्या फील्डाला यात ऑर्डर आहे की आयटम याची काहीच कल्पना नसते, त्यामुळे कुठलीच रुटीन मदतीला येत नाही. ऑर्डर ४७११ चा आयटम १० असेल तर नेम होतं ००००००४७११००००१०. हे सोळा अंक एकदा कागदावर मोजून लिहा, मग कॉन्कॅटनेट करा. हेडरचा टेक्स्ट असेल तर ऑब्जेक्ट व्हीबीबीके, आयटमचा असेल तर व्हीबीबीपी.

तारखेचा घोळ सगळ्यात फसवा, कारण तिथे निकाल रिकामा न येता कधीकधी भरपूर येतो. टेबलात तारीख ८ अक्षरांची असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२४०४०१. फाइलमधून आलेली ०१.०४.२०२४ ही दहा अक्षरं तारखेच्या व्हेरिएबलमध्ये टाकलीत तर पहिली आठ बसतात आणि आत जातं ०१.०४.२०. या तारखेची डॉक्युमेंटं मागितली तर एकही नाही. या तारखेपासून पुढची मागितली तर सगळीच, कारण अक्षरांच्या तुलनेत २० ने सुरू होणारी प्रत्येक तारीख ०१ पेक्षा मोठी. एप्रिलपासूनचा रिपोर्ट मागितला आणि दहा वर्षांचा आला, अशी तक्रार आली तर इथे बघा.

रकमेबद्दल एवढंच: जपानी येनसारख्या दशांश नसलेल्या चलनाची रक्कम टेबलात दोन दशांश जागा सरकवून ठेवलेली असते, १००० येन तिथे १०.०० दिसतात. रक्कम कधीही चलनाच्या फील्डाशिवाय छापू नका.

बीडीसी आणि बॅपी यांची गफलत

शिकणारे बहुतेक जण आधी एसएचडीबी या रेकॉर्डरवर रेकॉर्डिंग करून बीडीसी लिहितात आणि नंतर बॅपीकडे वळतात. वळताना जुना कोड उचलून आणतात, आणि तिथे आपटतात. बीडीसी म्हणजे स्क्रीनवर यूजरऐवजी प्रोग्रॅम टाइप करतो. त्यामुळे तिथे बाहेरचं रूप द्यायचं: ओआर, पीसी, आणि तारीख त्या यूजरच्या एसयू३ मधल्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या सेटिंगमधल्या, फॉरमॅटमध्ये. बॅपीला आतलं रूप: टीए, एसटी, २०२४०४०१, ग्राहक शून्यांसकट.

बीडीसीतल्या तारखेचा धडा आमच्या टीमला असा मिळाला: डेव्हलपरच्या यूजरने चाललेला प्रोग्रॅम रात्रीच्या जॉबमध्ये प्रत्येक ओळीवर पडला, कारण जॉबच्या बॅकग्राउंड यूजरचा तारखेचा फॉरमॅट वेगळा होता. तारखेच्या व्हेरिएबलमधून दहा अक्षरांच्या फील्डात राइट टू केलं की चालू यूजरच्या फॉरमॅटमध्ये तारीख मिळते. बीडीसीसाठी तेच करा, बिंदू हाताने घालू नका.

टेबल आधीच बिघडलं असेल तर

सगळ्यात जास्त काळजी मला याची वाटते. रिपोर्टला डेटा सापडला नाही तर कोणीतरी ओरडतं आणि दुरुस्ती होते. पण शून्यांशिवायच्या किमती एखाद्या झेड टेबलात इन्सर्ट झाल्या, तर सुरुवातीला कोणीच ओरडत नाही. फॉरेन कीची (किंमत मूळ टेबलात आहे का याची) तपासणी स्क्रीनवर होते, प्रोग्रॅममधल्या इन्सर्टला ती अडवत नाही. मग एकाच टेबलात १००२४५ आणि ००००१००२४५ अशा दोन ओळी शेजारी नांदतात. की वेगळी, म्हणून डेटाबेसची हरकत नाही. एसई१६ मध्ये दोन्ही १००२४५ दिसतात. यूजर विचारतो, 'प्रायमरी की असताना डुप्लिकेट कसं झालं?' आणि त्यातली एक ओळ उघडायला गेलं की दर वेळी शून्यांवालीच उघडते, कारण स्क्रीन शून्यं लावूनच शोधते.

साफसफाईसाठी छोटा प्रोग्रॅम लिहा. टेबलातली प्रत्येक ओळ वाचा, ग्राहक क्रमांकाची प्रत कुन्नर प्रकारच्या दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये घ्या, तिच्यावर अल्फा इनपुट चालवा आणि मूळ किमतीशी ताडून पाहा. फरक पडला नाही तर ओळ ठीक आहे. फरक पडला तर बरोबर कीची ओळ आधीपासून आहे का ते बघा. नसेल तर नव्या कीने इन्सर्ट आणि जुनी डिलीट. दोन्ही असतील तर थांबा, आणि ती जोडी वेगळ्या यादीत काढा. कुठल्या ओळीतला डेटा खरा, हे प्रोग्रॅम ठरवू शकत नाही. ती यादी फंक्शनल कन्सल्टंटला आणि तो डेटा वापरणाऱ्या माणसाला दाखवा. 'नवीन ती खरी' असं गृहीत धरून डिलीट चालवू नका, हे कळकळीने सांगतो.

आणि हे करण्याआधी ज्या प्रोग्रॅमने घाण केली तो दुरुस्त होऊन प्रॉडक्शनला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सिस्टीमवर, ट्रान्सपोर्ट झालेला असू दे. नाहीतर रात्री साफ केलेलं टेबल सकाळच्या जॉबमध्ये पुन्हा भरतं.

तरीही सापडत नसेल तर

डिबगरमध्ये व्हेरिएबलची आणि टेबलातली किंमत अक्षर अन् अक्षर सारखी आहे, तरी साय-सबआरसी ४ च? मग क्लायंट (एकाच सिस्टीममधला डेटाचा स्वतंत्र कप्पा) बघा. सिलेक्ट आपोआप चालू क्लायंटपुरतंच शोधतं, आणि डेव्हलपमेंट सिस्टीमवर कोड लिहायचा क्लायंट आणि डेटा असलेला क्लायंट बऱ्याचदा वेगळे असतात. अक्षरं असलेल्या क्रमांकात लहान-मोठी लिपी बघा. स्क्रीन लहान अक्षरं मोठी करून देते, फाइल देत नाही.

उलट तक्रार, म्हणजे गरजेपेक्षा खूप जास्त डेटा येतोय आणि सिलेक्टमध्ये फॉर ऑल एंट्रीज (दुसऱ्या टेबलातल्या प्रत्येक ओळीसाठी शोधणारी अट) आहे, तर ते आधारभूत इंटर्नल टेबल रिकामं तर नाही ना ते तपासा. रिकामं असेल तर वेअरची सगळी अटच गळून पडते आणि अख्खं टेबल येतं. आणि ते रिकामं का राहिलं हे शोधत मागे गेलात, तर वरच्या सिलेक्टमध्ये शून्यं नसलेला एखादा क्रमांक सापडण्याची शक्यता बरीच आहे.

यूजरकडून येणारी एक तक्रार मात्र तुमच्या कोडची चूक नसते. ते सिलेक्शन स्क्रीनवर १००२* टाकतात आणि १००२ ने सुरू होणारे ग्राहक येत नाहीत. तारांकन असलेली किंमत नुसती अंकी नसते, त्यामुळे तिला शून्यं लागत नाहीत, आणि टेबलातले क्रमांक तर शून्याने सुरू होतात. त्यांना *१००२* टाकायला सांगा. मध्येच १००२ असलेले इतर काही ग्राहकही त्यात येतील, हेही आधीच सांगून ठेवा. किंवा सगळे क्रमांक सहा अंकीच असतील तर १००२०० पासून १००२९९ अशी मर्यादा द्यायला सांगा. ती मर्यादा शून्यांसकट बरोबर काम करते.